ठशावरचा चंद्र

काळ्या कागदावरचा तो पांढरा ठिपका पूर्ण गोल नव्हता. उंचीला जरा जास्त, रुंदीला जरा कमी, आणि वरच्या अंगाला किंचित उजवीकडे कललेला. त्याच्या खाली दोन ओळी अक्षरं होती, तीही पांढरीच. अक्षरांच्या कडा रेखीव होत्या. ठिपक्याची कड मात्र धूसर होती, शाई तिथवर येऊन अडखळावी तशी.

भानुमतीने मोबाइलवरचा तो फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला आणि मोबाइल समोरच्या मुलीला परत दिला.

"वीरगळाचा ठसा आहे हा. कुठे काढलास फोटो?"

"विद्यापीठात, इतिहास विभागाच्या भिंतीवर," मुलगी म्हणाली. "फ्रेम करून लावलाय. खाली पाटी आहे. 'ठसा व वाचन : डॉ. हिमानी देवगावकर.'"

"आणि तो तिचा नाय," मुलीशेजारी बसलेला माणूस म्हणाला. "तो माझ्या पोराचा हाय."

भानुमती खडकेकरचं खासगी तपासाचं ऑफिस गारखेड्यात, एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या डोक्यावर होतं. खालचा क्लास बुद्धभूषणचा. एम.ए.ला दोघं एका वर्गात होती. पुढे इतिहासाने त्याला अ, ब, क, ड पर्याय शिकवायला लावले आणि तिला लग्नाआधीच्या चौकशा करायला. भानुमती म्हणायची, आपण दोघं अजून इतिहासातच आहोत. माझ्याकडची माणसं जिवंत असतात एवढाच फरक. सकाळची बॅच सुटली की बुद्धभूषण चहाला वर यायचा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायचा. आजही तो तिथेच होता.

माणसाचं नाव काकासाहेब ठोंबरे. लासूर स्टेशनला बियाण्यांचं दुकान, पलीकडच्या गावात शेती. मुलगी श्रेया, यंदाच बी.ए. झालेली. काकासाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि बोलताना ते टोपीकडेच बघत होते.

"सार्थक माझा थोरला. गोदातीर विद्यापीठात पीएच.डी. करत होता. तासावर शिकवायचा बी. गेल्या साली पोळा झाला अन् थोड्याच दिसांत माळीवाड्याच्या पुढं गाडीवर असताना ट्रकनं मारलं."

ते थांबले.

"हा ठसा ज्याचा, तो आमच्या बांधावरचा देव हाय," ते पुढे म्हणाले. "आजवर आतला दगड कुणी बघितला नव्हता. नुसता शेंदूर. थरावर थर, आज्या-पणज्यांपासूनचा. गेल्या आषाढात ती खोळ आपसूक गळून पडली. गाव लोटला बघायला. आत दगड, अन् दगडावर अक्षरं. पोळ्याला वाजतगाजत नवा शेंदूर चढवला. तवर सकाळ-संध्याकाळ आमच्याच घराला जावं लागायचं, मान आमचा. देव पार उघडा ठेवत नाहीत आमच्यात. सार्थकची आई जायची, आशाबाई. पाणी घालायची, वर कपाळाला अंगठ्यानं तेल-शेंदूर लावायची, नारळ असला तर नारळ. पाऊस असो का चिखल."

"सार्थकला ठसा घेताना कुणी पाहिलं?"

"नाय. मी दुकानात. तो एकलाच फिरायचा. मी चारचौघांत म्हणायचो, आमचा पोरगा दगड पुसत हिंडतो." त्यांनी टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "गेला त्या दिवशी फोन आला होता त्याचा. म्हणला, अण्णा, आपल्या देवाचं वाचून झालं, घरी आल्यावर सांगतो. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी म्हणलो, बघू, ये आधी."

भानुमतीने पाण्याचा ग्लास त्यांच्याजवळ सरकवला. "तुम्ही विभागात कशाला गेला होतात?"

उत्तर श्रेयाने दिलं. "मला एम.ए.ला इतिहास घ्यायचाय. अण्णा 'बघू' म्हणतात. उन्हाळाभर 'बघू' चाललंय. शेवटी म्हणाले, चल, जागा तरी बघून येऊ. गेलो तर भिंतीवर हा."

"तुम्हाला काय हवंय, काकासाहेब? नाव बदलून? पोलिसात तक्रार?"

"तक्रार कुणाची करू?" त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "इतकी वर्षं पोरगं तिथं होतं. त्यानं काय केलं, का नुसता बसून होता, एवढं कळू द्या. कळलं तर हिचं काय करायचं ते ठरवता येईल. एक लेकरू त्या इतिहासात गेलं, ताई. दुसरं घालायला हात धजत नाय."

*

दुसऱ्या दिवशी दोघं विभागात गेली. फ्रेम जिन्यासमोरच्या भिंतीवर होती. काच, काळी जाड चौकट, आत ठसा. बुद्धभूषणने अक्षरं लावून पाहायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"एके काळी येत होतं मला," तो म्हणाला.

"एके काळी तू ठसे घ्यायच्या सहलीत झाडाखाली झोपला होतास," भानुमती म्हणाली. ती अक्षरांकडे पाहत नव्हती. चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहत होती. तिथे चौकट आतल्या बाजूला जरा जास्त पुढे आलेली होती. बाकी तीन कोपऱ्यांत तशी नव्हती.

डॉ. हिमानी देवगावकर दोन तासांच्या मधल्या वेळात भेटली. चाळिशीच्या आसपासची, सुती साडी, हाताला खडू. विभागात बारा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती; म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर शून्य. आता एक कायम जागा निघाली होती आणि तिची मुलाखत येत्या आठवड्यात होती.

"सार्थकचे वडील आले होते, मला कळलं," ती म्हणाली. "त्यांना काय वाटत असेल ते मी समजू शकते. दगड सार्थकनेच दाखवला, हे मी निबंधात लिहिलंय. पण ठसा मी घेतला. आषाढात, खोळ गळाली तेव्हा."

"एकट्याने?"

"सकाळी लवकर. शेतात कुणी नसतं."

"तुमचा निबंध मी वाचला," भानुमती म्हणाली. "चंद्राचा मुद्दा मला आवडला."

हिमानीचा चेहरा जरा सैल झाला. "तोच तर मुद्दा आहे. वीरगळावर वर सूर्य आणि चंद्र असतात. हे दोघं आकाशात असेपर्यंत वीराची कीर्ती राहो, असा अर्थ. इथे एकटा चंद्र आहे. सूर्य कोरलेलाच नाही. असा दुसरा वीरगळ आपल्या भागात नोंदलेला नाही. रात्रीच्या लढाईत मेलेला वीर असावा, असं मी मांडलं."

"दगडावर तो चंद्र स्पष्ट आहे?"

"अगदी. मी बोट फिरवून पाहिलं होतं. खोलगट लागतो हाताला."

"आता पुन्हा पाहता येईल?"

"आता शेंदूर चढलाय ना त्यावर." हिमानीने हातावरचा खडू झटकला. "पुन्हा खोळ गळेल तेव्हा आपण कुणी नसू."

घंटा झाली. ती वर्गाकडे निघाली आणि दारात थांबली. "सार्थक चांगला मुलगा होता. डबा वाटून खायचो आम्ही," ती म्हणाली आणि गेली.

*

विभागाचा संग्रह मागच्या खोलीत होता. तो सांभाळणारा केयूर हा तिशीतला मुलगा, पश्चिमेच्या खिडकीखाली बसून शिक्के पुसत होता. ठशांबद्दल विचारल्यावर तो खुलला. सपाट कप्प्यांचं एक जुनं कपाट होतं; त्यातला एक कागद त्याने दोन्ही हातांनी उचलून टेबलावर पालथा घातला.

"डोळे मिटून हात फिरवा, सर," तो बुद्धभूषणला म्हणाला.

बुद्धभूषणने बोटं फिरवली. मागून प्रत्येक अक्षर उठून आलेलं होतं. "लागतात की हाताला."

"लागणारच. ओला कागद दगडावर बसवून कुंच्याने ठोकतात. जिथे खोदलेलं आहे तिथे कागद आत जातो. जरा सुकला की वरून शाईचा बोळा फिरवायचा. खोलात शाई पोचत नाही, म्हणून अक्षर पांढरं राहतं. सगळं तंत्र एवढंच. फक्त आधी दगड चांगला धुवायचा. माती राहिली तर अक्षर भरतं, तेलकटपणा राहिला तर तिथे कागद शाई धरत नाही. हा पहिला धडा. अंबेकर सर पहिल्याच दिवशी बादली हातात देतात."

"आणि कोणी घेतला ते कसं कळतं?"

"मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहितात. गाव, तारीख, घेणाऱ्याचं नाव. हे बघा, खाली डाव्या हाताला." म्हणजे समोरून पाहिलं तर खाली उजवीकडे, असं बुद्धभूषणने मनात उलटवून घेतलं.

"बाहेरच्या फ्रेममधल्या ठशावर आहे?"

केयूर जरा थांबला. "तो माझ्याकडे आला तेव्हा कापडावर चिकटवलेला होता. मागची बाजू मी पाहिलीच नाही. सरांनी स्वतः खळ करून चढवला म्हणे, जपणुकीसाठी. मला जरा नवल वाटलं. ठसा आम्ही कधी चिकटवत नाही. मागूनच तर खोदलेलं हाताला लागतं. मग मॅडमनी त्याच्यावर निबंध लिहिला, आणि नंतर तो फ्रेमला गेला. चौकटही सरांनीच मापं देऊन करून घेतली."

"कापडावर कधी चढवला? निबंधाच्या आधी?"

"आधीच. मॅडमना मिळाला तो तसाच." मग आपण काहीतरी भलतंच बोललो की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. "म्हणजे, त्यांचाच होता. सरांकडून परत मिळाला, असं म्हणायचं होतं मला."

*

विभागप्रमुख डॉ. श्रीधर अंबेकर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांच्या खोलीतली अर्धी पुस्तकं खोक्यांत गेली होती. भानुमती आणि बुद्धभूषण दोघंही त्यांचे विद्यार्थी. सर त्यांना नावानिशी ओळखत होते.

"बुद्धभूषण, तुझ्या क्लासच्या जाहिरातीत 'यादवकालिन' छापलंय. 'ली' दीर्घ," सर म्हणाले. "आणि भानुमती, तू दुसऱ्यांच्या घरात डोकावतेस असं ऐकतो."

"तुम्हीच शिकवलंत सर. साधन तपासल्याशिवाय विधान करायचं नाही."

सर हसले नाहीत. "सार्थकबद्दल आलात ना? चांगली नजर होती त्याला. पण तो ठसा त्याचा नाही. असता तर मला माहीत असतं. हिमानीने घेतला, मी जपणुकीसाठी कापडावर चढवला. संपलं."

"तिचा निबंध तुम्ही तपासला होता?"

"अक्षर न् अक्षर."

"म्हणजे चंद्राचं तुम्हाला पटलं."

सरांनी टेबलावरचं लाल पेन उचललं, टोपण घट्ट केलं आणि ते खोक्यात टाकलं. "ते तिचं मत आहे. तिलाच विचार."

"तुमचं मत विचारते आहे, सर."

"माझी मतं आता खोक्यात गेली," अंबेकर सर म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

परतताना रिक्षात बुद्धभूषण उत्साहात होता. "हिमानीच. पर्याय अ. सार्थक गेला, टेबलात ठसा सापडला, उचलला. सर बिचारे भोळे. तिने आणून दिला, त्यांनी चिकटवला."

"सर आणि भोळे? तुझ्या जाहिरातीतली वेलांटी लक्षात ठेवणारा माणूस?"

"मग पर्याय ब. दोघं मिळून."

"भूषण, तुझ्या परीक्षेत 'यांपैकी एकही नाही' हा पर्याय असतो का रे?"

"असतो. पोरं घाबरतात त्याला."

"मीही घाबरते," भानुमती म्हणाली. गारखेड्यात उतरताना तिने काकासाहेबांना फोन लावला आणि श्रेयाला घेऊन उद्या दुपारी विभागात यायला सांगितलं.

*

दुपारी संग्रहाच्या खोलीत सगळे जमले. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. सर खुर्चीत बसले होते, हिमानी कपाटाला टेकून उभी होती. काकासाहेब दाराजवळच थांबले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. केयूरने भानुमतीच्या सांगण्यावरून फ्रेम भिंतीवरून उतरवून आणली होती.

"काल मी तिघांशी बोलले," भानुमती म्हणाली. "कुणी फार खोटं बोललं नाही. केयूर तर अजिबातच नाही. हिमानीताई, तुम्ही म्हणालात, चंद्रावर बोट फिरवलं, खोलगट लागला."

"हो."

"सूर्य नाही आणि चंद्र आहे, याचं तुम्हाला नवल वाटलं. मलाही वाटलं. पण मला आणखी एक नवल वाटलं. अक्षरांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या आहेत आणि चंद्राची कड धूसर आहे. एकाच दगडावर अक्षरं इतकी नेटकी खोदणारा कारागीर चंद्र असा वेडावाकडा का काढेल? केयूरने काल सांगितलं की ठशावर पांढरं राहायला दोन कारणं असतात. एक, तिथे दगड खोदलेला आहे. दुसरं कोणतं, भूषण?"

बुद्धभूषण वर्गात उभं केल्यासारखा गडबडला. "तेल. तेलकट जागी कागद शाई धरत नाही."

"केयूर, फ्रेम उघड."

केयूरने मागचे खिळे काढले, फळी उचलली, काळी चौकट बाजूला केली. कापडावर चिकटवलेला ठसा मोकळा झाला. भानुमतीने तो दोन टोकांना धरला आणि खिडकीसमोर, उन्हाच्या आड उभा केला.

काळा कागद काळाच राहिला. अक्षरं मंद, राखाडी दिसली. फक्त वरचा तो ठिपका उजळला. तेल प्यालेल्या कागदातून ऊन थेट आरपार येत होतं आणि ते पांढरं नव्हतं. केशरी होतं.

"शेंदूर," काकासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"शेंदूर आणि तेल," भानुमती म्हणाली. "हा चंद्र कोरलेला नाही. खोळ गळाल्यावर देव पार उघडा राहू नये म्हणून रोज वर अंगठा टेकवला जायचा. ही त्या अंगठ्याची खूण. हिमानीताई, तो दगड उघडा असताना तुम्ही त्याच्यासमोर उभ्या राहिला असतात, तर हा ठिपका तुम्हाला केशरी दिसला असता. चंद्र फक्त कागदावर दिसतो. दगडावर तो कधीच नव्हता."

हिमानीने कपाटाची कड धरली.

"आता दुसरी गोष्ट. ठसा घेणारा कोणीही आधी दगड धुतो. सर बादलीच हातात देतात. खालची अक्षरं बघा, एकही भरलेलं नाही. म्हणजे दगड नीट धुतला होता. मग एवढा एक ठिपका का ठेवला? निष्काळजीपणा म्हणावा, तर बाकी कामात तो कुठेच नाही. बाहेरून आलेल्या माणसाने हा डाग पहिल्यांदा पुसला असता. तो डाग नाही, हे माहीत असलेला माणूस मात्र त्याच्या भोवतीने दगड धुईल आणि वरून कागद लावेल. ठसा तिथे बिघडणार हे ठाऊक असूनही. तो अंगठा आशाबाईंचा होता. तो न पुसणारा माणूस एकच असू शकतो."

श्रेयाने वडिलांच्या दंडाला धरलं.

"पण सगळे म्हणतील, हा झाला तर्क," भानुमती पुढे म्हणाली. "म्हणून हा कोपरा." तिने खालचा उजवा कोपरा दाखवला. कापड पूर्ण होतं. त्यावरचा कागद मात्र तिथे सरळ रेषेत कापलेला होता. "ठशाच्या मागे घेणाऱ्याचं नाव असतं, ते याच कोपऱ्यात. कागद कापला, कापडावर चढवला, वरून चौकट तेवढ्या कोपऱ्यात जाड केली. कोपरा कापता आला. कपाळ कापता येत नव्हतं. हे ज्याने केलं त्याने ठशाची मागची बाजू पाहिली होती. नाव पाहिलं होतं आणि शेंदूरही. हिमानीताईंच्या हातात ठसा आला तो कापडावर चढल्यानंतर. त्यांनी मागची बाजू पाहिली असती तर त्या चंद्र म्हणाल्याच नसत्या."

खोलीत सगळ्यांनी अंबेकर सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शेवटचं, सर, तुम्हीच सांगा," भानुमती हळू म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं की तो चंद्र नाही. स्वल्पविराम न सोडणाऱ्या माणसाने एवढी चूक तपासलेल्या निबंधात राहू दिली. हे मला काल रात्रीपर्यंत उलगडत नव्हतं."

सरांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"तो गेला त्या दिवशी सकाळी ठसा माझ्या टेबलावर ठेवून गेला होता," मग ते म्हणाले. "म्हणाला, सर, सवडीने बघा. संध्याकाळी निरोप आला. मी तो कितीतरी दिवस उघडला नाही. मग जागा निघाली. माझ्या कारकिर्दीत निघालेली एकुलती एक. हिमानी बारा वर्षं तास घेते आहे, पुढच्या वर्षी वय उलटेल. सार्थक असता तर दोघांत भांडण लागलं असतं आणि मला निवडावं लागलं असतं. तो नव्हता. मला वाटलं, गेलेल्याला नोकरी लागत नाही. जिवंत आहे तिला तरी लागू दे. तिला सांगितलं, ठसा विभागाचा आहे, नाव तुझं घाल."

"मी विचारलं नाही," हिमानी म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "सर म्हणाले विभागाचा. मी एकदाही विचारलं नाही, कोणी घेतला. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. बोट फिरवल्याचं मी काल बनवून सांगितलं. इतकी वर्षं लोकांनी विचारावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. चंद्राबद्दल सगळे विचारत होते."

"आणि चूक?" भानुमतीने सरांना विचारलं.

"तिने चंद्राचं लिहून आणलं तेव्हा मी लाल पेन उघडलं होतं." सरांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "खोडलं असतं तर का खोडलं ते सांगावं लागलं असतं. ठेवलं, तर कधीतरी कोणीतरी विचारेल, चंद्र असा का? मला स्वतः बोलायचं धाडस होत नव्हतं. म्हणून मी ती चूक राहू दिली. एवढाच प्रामाणिकपणा शिल्लक होता माझ्यात." ते काकासाहेबांकडे वळले. "मी संपादकांना लिहीन. पाटी आजच काढू. पण खरं सांगतो, तेव्हा मला एवढंच वाटलं होतं, यातून सार्थकला आता काय मिळणार?"

"त्याला नाय," काकासाहेब म्हणाले. "मला."

सरांनी मान खाली घातली.

काकासाहेब टेबलापाशी आले. ठशाला हात लावावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी हात पाठीमागे घेतले आणि वाकून पाहिलं.

"काय लिवलंय ह्यात? त्यानं वाचलं होतं म्हणला. मला सांगायचं राहिलं."

हिमानी पुढे आली. तिने अक्षरांखालून बोट नेत, न अडखळता सांगितलं. "गावाची गुरं हाकून नेणाऱ्यांशी लढताना हा पडला. गुरं परत आणली. त्याच्या बापाने हा दगड उभा केला." ती थांबली. "हे वाचन माझंच आहे. पण त्याचंही हेच असणार. वेगळं होऊच शकत नाही."

"बापानं," काकासाहेब म्हणाले.

"हो. मुलाचं नाव पुसट आहे. बापाचं स्पष्ट आहे."

खाली कुणाचा तरी तास सुटला. जिन्यावर पोरांची पावलं वाजली आणि ओसरली. बुद्धभूषण खिडकीबाहेर पाहू लागला. त्याला आठवत होतं, त्या सहलीत सर त्याला उठवायला झाडाखाली आले होते आणि न उठवताच परत गेले होते.

"ह्या मॅडमची मुलाखत कधी हाय?" काकासाहेबांनी विचारलं.

"मी जाणार नाही," हिमानी म्हणाली.

"ते तुमचं तुम्ही बघा. मला त्यात पडायचं नाय. माफ बी करत नाय मी, खोटं कशाला बोलू." मग ते सरांकडे वळले. "तुमच्याकडं प्रवेश चालू हायत अजून?"

"आहेत," सर म्हणाले. "या आठवड्यापुरते."

श्रेया मान वर न करता उभी होती. काकासाहेबांनी डोक्यावर टोपी घातली, दोन्ही हातांनी नीट बसवली.

"मग ही माझी पोरगी श्रेया," ते म्हणाले. "हिला इतिहासाला घालायचं ठरवलंय मी."